लिफ्टमन लहू गेमिंग लॅपटॉप घेतो

लहू राऊळ आपल्या भावापेक्षा अर्ध्या तासाने मोठा. जुळे झाले की गिरणगावात नावांचा फार खल होत नसे. पहिला तो लहू, दुसरा तो अंकुश. पण त्या अर्ध्या तासाने लहूची जी वाट लावली, ती एखाद्याच्या साडेसातीनेही लावली नसेल. गिरणी बंद पडून बापाने अंथरूण धरलं तेव्हा शाळा सोडून कामाला कोण लागणार? मोठा. अंकुशला मुलगी सांगून आली तेव्हा ‘आधी मोठ्याचं होऊ दे’ म्हणायला आई होती, पण पदरी पैसा एकाच लग्नाचा होता, आणि समजूतदारपणा दाखवायचा असतो तो मोठ्याने. मग आईचं आजारपण, पुतणीचं शिक्षण, पुतणीचं लग्न. लहूचं राहून गेलं ते गेलंच. त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण आपणहून कुणी विचारलंही नाही. आता दोघे चोपन्न वर्षांचे आहेत, घोडपदेवच्या चाळीत अंकुशच्या बायकोसह एकाच खोलीत राहतात, आणि लाइटचं बिल अजून लहूच्याच नावाने येतं.

नोकरी लिफ्टमनची. गिरगावात पाच मजल्यांची एक जुनी इमारत आहे. तिथल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये लहू स्टुलावर बसतो. जाळी ओढायची, ‘कितवा?’ विचारायचं, दांडा फिरवायचा, जाळी उघडायची. कोण कितव्यावर राहतो हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, पण तोंडाला सवय लागली की लागली. ह्या कामात माणूस दमतो, आणि ते कुणाला पटवून द्यायची सोय नाही. गोणी वाहून दमलेल्याला लोक पाणी देतात. बसून दमलेल्याला काय द्यावं ते कुणाला सुचत नाही.

“तुमचं बरंय भावोजी, दिवसभर बसायचं काम,” रुपाली म्हणायची. रुपाली म्हणजे अंकुशची बायको. हे ती कुचकेपणाने म्हणत नसे. ती अंधारात उठून ऑफिसांचे डबे करते, दिवस मावळेपर्यंत तिचा पाय एका जागी ठरत नाही, तेव्हा बसणं म्हणजे तिच्या लेखी चैनच. लहू त्यावर हसायचा. पण त्याला ते लागायचं, आणि ते लागतं हे सांगण्याइतकंही त्राण संध्याकाळी उरलेलं नसायचं.

तर अशा ह्या माणसाला चोपन्नाव्या वर्षी एक वेड लागलं.

त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दीपिका राहते. घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करते. एका दुपारी तिचं पार्सल लहूने वर नेऊन दिलं, तेव्हा बाई लॅपटॉपवर ट्रक चालवत होत्या. काम संपलं की डोकं शांत व्हावं म्हणून हा गेम खेळते, असं तिने जरा लाजत सांगितलं आणि म्हणाली, “बसा ना लहूकाका, चालवून बघा.” लहू नको नको म्हणत बसला. समोर लांबच लांब रस्ता होता, दोन्हीकडे पिवळी शेतं, आणि हातात भलामोठा ट्रक. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुठे जायचं म्हणून विचारणारं कुणी नव्हतं आणि कुठे जायचं ते सांगणारंही कुणी नव्हतं. तेवढ्यात खालून लिफ्टची बेल वाजली. लहू उठून खाली आला, पण त्याचं मन काही खाली आलं नाही.

त्याला लहानपणापासून ड्रायव्हर व्हायचं होतं वगैरे काही नाही. असली स्वप्नं बघायलाही सवड लागते. त्याला फक्त सरळ जायचं होतं. उभा जन्म वर आणि खाली करण्यात गेलेल्या माणसाला एकदा सरळ जावंसं वाटलं, तर त्यात नवल ते काय?

आधी त्याने मोबाइलवर ट्रकचा गेम घेऊन पाहिला. पण एवढ्याशा काचेत ट्रक मुंगीएवढा दिसे, आणि वळण आलं रे आलं की मध्येच रमीची जाहिरात. शेवटी एक दिवस दीपिकाला वर नेताना त्याने विचारलंच, “ताई, तुमच्यासारखा लॅपटॉप केवढ्याला पडतो?” तिने आकडा सांगितला. लहूने जाळी उघडली आणि पुढचे दोन दिवस तो विषय काढला नाही.

त्याच्याजवळ साठ हजार होते. पगार पहिल्यापासून घरात जायचा, पण दिवाळीला बिऱ्हाडकरू जी पोस्त देतात ती तो बाजूला टाकत आला होता. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. “साठात बसवायचं तर कुठे कापायचं आणि कुठे नाही, ते नीट बघावं लागेल,” दीपिका म्हणाली. मग तिने त्याची शिकवणीच घेतली, तीही लिफ्टमध्ये, तळमजला ते चौथा एवढ्याच वेळात. “ग्राफिक्स कार्ड वेगळं हवंच. ते नसेल तर तुमचा ट्रक अडखळत चालेल. आणि ते मागाहून बदलता येत नाही, म्हणून तिथे कंजूषी नको.” दुसऱ्या दिवशी: “रॅम आठची असली तरी चालेल, पण आत आणखी एक बसवायला जागा आहे का ते विचारा. पुढच्या दिवाळीला वाढवू.” मग कधीतरी: “स्क्रीनवर जास्त पैसे घालू नका, ते गोळीबार करणाऱ्या पोरांसाठी. मॉडेल गेल्या वर्षीचं घ्या, बिघडत नाही काही.” मध्ये दुसऱ्या मजल्यावर कुणी चढलं की शिकवणी तिथेच थांबायची आणि लहू तोंडातल्या तोंडात ते घोकत बसायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड साहेबांनी एकदा ऐकून विचारलं, “पुतण्याला घेताय का?” लहू म्हणाला, “हो.” त्याला पुतण्या नाही.

हे ‘हो’ त्याच्या मागेच लागलं. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात गेला, तर दुकानदाराने त्याच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि विचारलं, “बेटे के लिए?” लहू म्हणाला, “हां.” मग दुकानदाराने मुलांना आवडेल असं एकेक काढलं. बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे पळत होते, गणपतीच्या मंडपासारखे. लहू दिव्यांना भुलला नाही. ग्राफिक्स वेगळं का, जागा रिकामी आहे का, गरम हवा कुठून बाहेर पडते, असं पाठ केलेलं सगळं त्याने विचारलं, आणि उत्तरं बरोबर की चूक हे कळायला मार्ग नसल्याने फोन लावून दुकानदाराला दीपिकाशीच बोलायला दिलं. असं चार दुकानांत झालं. पाय भरून आले. कुठे वस्तू चांगली तर भाव हाताबाहेर, कुठे भाव बरा तर वस्तूत खोट. तिसऱ्या दुकानाबाहेर पायरीवर बसून त्याने मनाशी म्हटलं, जाऊ दे, काय करायचंय. हे ‘जाऊ दे’ त्याला फार सरावाचं होतं. तरी तो चौथ्या दुकानात शिरला, आणि तिथे मिळाला. काळा, साधा, जाडजूड. साठाला पाचशे कमी.

“ये भाव अमावस तक,” दुकानदार म्हणाला. “अभी श्राद्ध चल रहा है, कोई कुछ लेता नहीं. नवरात्र लगते ही आठ हजार ऊपर.”

पितृपक्ष चालू आहे हे लहूला माहीत नव्हतं असं नाही. चार दिवसांवर बापाचा म्हाळ होता आणि मोठा म्हणून पान त्यालाच वाढायचं होतं. पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत, हे त्यालाही आईच्या दुधाबरोबर मिळालेलं होतं. पण ते पाळावं तर लॅपटॉप हातचा जातो, आणि आणखी आठ हजार जमवायचे तर पुढच्या दोन दिवाळ्या. त्याने पाच हजार आगाऊ दिले आणि घरी आला. त्याच्या पोटात काही राहत नाही. जेवताना त्याने सांगून टाकलं.

रुपालीचा घास हातातच राहिला. “पितृपक्षात? नवीन वस्तू? आणि ती पण गेम खेळायला?”

“आगाऊ दिलेत फक्त,” लहू म्हणाला.

“पंधरा दिवस दम धर की रे,” अंकुश म्हणाला. “दसऱ्याला घे. मुहूर्त पण होईल.”

“दसऱ्याला माझ्या ऐपतीत नाय बसत.”

“मग नाय घ्यायचा,” रुपाली म्हणाली. तिने ताट सरकवलं. “भावोजी, मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाय. पण मामंजींच्या म्हाळाला हे बरं नाय. घरात काही वाईट झालं तर?”

ती खरोखर घाबरली होती, हे लहूला दिसत होतं, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडायची त्याची रीत नव्हती.

म्हाळाच्या दिवशी रुपालीने पहाटेपासून रांधलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळू, भोपळ्याची भाजी, खीर. बारा वाजता चाळीच्या गच्चीवर कठड्यावर पान ठेवलं. लहू पुढे, मागे अंकुश नि रुपाली, आणि गाऱ्हाणं घालायला शेजारच्या खोलीतले रामदासमामा. मामा मूळचे मालवणकडचे, आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघेल.

“बाबानू, आज तुमच्या म्हाळाचा पान वाढला हा. पोरां हात जोडून उभी आसत. कायव चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाला आणि पान शिवा!”

“व्हय म्हाराजा,” बाकीचे म्हणाले.

समोरच्या पाण्याच्या टाकीवर दोन कावळे होते. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि मान फिरवली. पितृपक्षात मुंबईच्या कावळ्यांना काय तोटा? घरोघरी वडे असतात. पण हे गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला सुचत नाही. अंकुशने सांगितलं, बाबा, पोरीकडे लक्ष ठेवीन. कावळा हलला नाही. बाबा, गावच्या घराची कौलं परतून घेऊ. नाही. ऊन चढलं, वडे वातड झाले, अंकुशला साखरेचा त्रास, त्याचे हात थरथरायला लागले. आणि कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

“मामंजींना काय खुपतंय ते आपल्याला माहीत आहे,” रुपाली शेवटी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “भावोजी, तुम्हीच बोला. लॅपटॉप घेत नाय म्हणा. बघा लगेच शिवतो.”

सगळे लहूकडे बघू लागले. आता म्हणायचं तरी काय मोठंसं होतं? दोन शब्द. असे दोन शब्द तो जन्मभर म्हणत आला होता. नोकरीच्या वेळी म्हटले, लग्नाच्या वेळी म्हटले, म्हटले की सगळे सुखाने जेवायचे आणि त्यालाही बरं वाटायचं. ते शब्द जिभेवर आले. नेहमीसारखेच आले. आणि लहूला एकाएकी इतका थकवा आला की ते उच्चारायचंही बळ राहिलं नाही. तो कठड्याला टेकला.

“बाबा,” तो म्हणाला, मामांसारखा मोठ्याने नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. “मी लॅपटॉप घेणार. त्याच्यावर एक ट्रकचा गेम असतो, तो मी खेळणार. त्याचा कुणाला उपयोग नाय. फक्त मला बरं वाटतं. तुम्हाला पटत नसेल तर नका शिवू, पण मी घेणार.”

रामदासमामांच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघता निघता राहिलं.

इथे कावळा यायला हवा होता. आला असता तर लहूचं सोनं झालं असतं आणि रुपालीने हात जोडले असते. पण कावळे मोठे बेरकी. त्यांनी दुसऱ्या चाळीच्या गच्चीकडे झेप घेतली आणि परत आले नाहीत. शेवटी मामांनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि सगळे खाली आले. गार झालेलं जेवण कुणी धड जेवलं नाही. लहूला आपण जिंकलो असं मुळीच वाटलं नाही. त्याला भीती वाटली, आणि बापाची आठवण येऊन रडायला आलं. पण त्याने शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो उरलेले पैसे घेऊन दुकानात गेला. दुकानदार खोका बांधता बांधता म्हणाला, “बेटा खुश हो जाएगा, काका.”

“बेटा नहीं है,” लहू म्हणाला. “मेरे लिए है. मैं खेलेगा.”

दुकानदाराने हात थांबवून पाहिलं आणि एक माउस फुकट घातला.

नवा खोका म्हाळाच्या पंधरवड्यात घरी न्यायचा नाही, एवढं लहूने रुपालीसाठी पाळलं. तो दीपिकाकडे ठेवला. तिने गेम चढवून दिला. घटस्थापनेच्या दिवशी लहू खोका घेऊन घरी आला. रुपाली त्या म्हाळापासून कामापुरतंच बोलत होती. तिने खोक्याकडे पाहिलं, कुंकवाची कुयरी आणली, बोट टेकवलं आणि पुन्हा चुलीकडे गेली. घरात वस्तू आली की तिला कुंकू लावायचं, मग राग असो की लोभ.

लहूला रविवारची सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर त्याने डबे भरायच्या पाटावर लॅपटॉप मांडला आणि भिंतीला पाठ लावून बसला. यंत्राचा पंखा घरघरायला लागला. ट्रक सुरू झाला. पहिल्याच वळणावर त्याने कठडा ठोकला, मग जरा जमलं. रस्ता लागला. कुठल्या देशातला कोण जाणे, डोंगर होते आणि दूरवर एक नदी. रुपाली पलीकडे लसूण सोलत बसली होती. बराच वेळ ती बघत नाही असं दाखवत बघत राहिली.

“कुठं चाललात?” तिने शेवटी विचारलं. आठवड्याभरात आपणहून विचारलेलं हे पहिलंच.

“कुठं नाय. रस्ता आहे तिथं.”

“माल पोचवलात की पैसे मिळतात?”

“मिळतात. पण खोटे.”

“मग?”

“मग काय नाय,” लहू म्हणाला.

रुपालीने लसणीची एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. रस्ता सरकत होता. नदी जवळ आली. त्या रस्त्यावर खरोखरच कुणी नव्हतं. कुणी हॉर्न मारत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. तिला वाटलं, आपणही कधी अशा रस्त्याला गेलो नाही. गावाला जातानाही मांडीवर पोर नाहीतर पिशवी. तिने सोलायचं थांबवलं आणि नुसती बघत बसली.

नदीजवळ लहूने ट्रक कडेला घेतला. पुलाखालचं पाणी बघायचं होतं त्याला. थांबल्याचे दिवे लावले. मग त्याची मान हळूहळू खाली आली. हात बटणांवरच होते. घोरण्याचा आवाज नाही, काही नाही, फक्त छाती संथ वरखाली होत होती. रुपालीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका खोलीत राहून तिने तो असा निवांत पाहिला नव्हता. तो केवढा थकलेला माणूस आहे, हे तिला तेव्हा दिसलं, आणि ते आजवर आपल्याला दिसलं नाही ह्याची लाज वाटली. यंत्र बंद करायला तिने हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

तेवढ्यात दारात रामदासमामांचा आवाज दुमदुमला. मंडळाच्या देवीची वर्गणी मागायला आले होते, मागे अंकुशही काहीतरी मोठ्याने बोलत येत होता. रुपाली झटकन उठली. तिने दारात आडवा हात धरला.

“हळू बोला,” ती म्हणाली. “भावोजी गाडी चालवतायत.”